घर किती मोठे हवे?



जुने कौलारू घर पाडून बंगला बांधणे आता आपल्या वसईत घरोघरचे झाले आहे. पक्के घर हवेच, त्यात गैर काही नाही. परंतु नकाशा काढताना 'शेजारी चार खोल्या आहेत, आपल्या पाच होऊ देत' असे आपण म्हणून जातो. त्या पाचव्या खोलीचा भार निसर्गावर किती पडतो, ते आज पाहू या.

खोली दहा बाय बारा फुटांची धरू. तिच्या नुसत्या पाच इंची स्लॅबला साधारण 11 गोण्या सिमेंट लागते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात. तेव्हा जळणातून आणि खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या 11 गोण्यांमागे तो 300 किलोंहून अधिक भरतो. विटा, रेती, खडी, लोखंड यांचा हिशेब वेगळाच.

खोली तळमजल्यावर असेल तर 120 चौरस फूट माती कायमची झाकली जाते. आपल्याकडे वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एवढ्याशा जागेवर सुमारे 22 हजार लिटर पाणी पडते. पूर्वी ते वाडीत, बावखलात मुरायचे. आता ते रस्त्यावर येते. जुलै 2018 मध्ये वसईत काही दिवस पाणी तुंबून राहिले होते, ते आपण विसरलेलो नाही. शिवाय समुद्रकाठी गोडे पाणी मुरले नाही, तर विहिरीत खारे पाणी शिरते.

एका खोलीत सहाजण राहणाऱ्या कुटुंबाला हे सांगणे नाही. त्यांना जागा मिळालीच पाहिजे. प्रश्न आहे तो मुले परदेशी आणि खोल्यांना कुलूप, अशा घरांचा. कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाचा दाखला (लूक 12:16-21) आपण ऐकतो. हे मागे कोणासाठी उरणार, हे त्याच्या मनातही आले नाही.

घरी चर्चेसाठी:

1. आपल्या घरातील कोणती खोली वर्षातून पंधरा दिवसही उघडत नाही?

2. नवीन बांधकामात एक खोली कमी करून तेथे झाडे व मातीचे अंगण राखता येईल का?

3. छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडण्याची सोय आपण या पावसाळ्याआधी करू शकतो का?