दिवस नेमके कधी गेले?



लग्नाला महिना होतो. सुनेची पाळी चुकते, तपासणी होते, घरात आनंद पसरतो. पण डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेले असते, ‘सहा आठवडे’. कोणीतरी बोटे मोजते आणि घरात कुजबूज सुरू होते. लग्न होऊन चारच आठवडे झाले, मग हे सहा कुठले? अशा कुजबुजीने नव्या संसारात विष कालवले जाऊ शकते. म्हणून हा हिशेब प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घेतला पाहिजे.

गर्भधारणा नेमकी कोणत्या दिवशी झाली हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. शेवटची पाळी कधी आली हे मात्र स्त्रीला आठवते. म्हणून डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडते आणि गर्भधारणा त्या सुमारास होते. म्हणजे कागदावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाळ पोटात नसतेच!

उदाहरण घेऊ. शेवटची पाळी १० जानेवारीला सुरू झाली आणि लग्न २२ जानेवारीला झाले. गर्भधारणा २४ जानेवारीच्या सुमारास झाली. २१ फेब्रुवारीला डॉक्टर ‘सहा आठवडे’ लिहितील. बाळ मात्र चारच आठवड्यांचे असेल. यात संशयाला जागा कुठे आहे?

प्रसूतीची तारीख काढण्याची सोपी रीत जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवायचे. १० जानेवारीवरून १७ ऑक्टोबर ही तारीख येते. हे एकूण २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे. गर्भधारणेपासून मोजले तर सुमारे २६६ दिवस होतात. पण हा अंदाज आहे. नेमक्या त्याच तारखेला फार थोडी बाळे जन्मतात. वरच्या उदाहरणातले बाळ ३ ऑक्टोबरला जन्मले, तरी ते अडतीस आठवड्यांचे, पूर्ण दिवसांचेच असेल. लग्नाला नऊ महिने झाले नाहीत म्हणून शेजाऱ्यांनी कुजबुजू नये!

सर्वांची पाळी सारखी नसते. पाळी पस्तीस दिवसांनी येत असेल तर गर्भधारणा साधारण आठवडाभर उशिरा होते आणि तारीखही पुढे जाते. कधीकधी दिवस गेल्यावरही थोडा रक्तस्राव होतो, तीच पाळी समजली जाते आणि हिशेब चुकतो. (असा रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांना जरूर दाखवावे.) अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी उपयोगी पडते. त्यात बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून वय काढतात, आणि चूक झाली तरी साधारण आठवड्याच्या आतच असते. शेवटच्या महिन्यांत मात्र हाच अंदाज दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकतो. म्हणून पहिली सोनोग्राफी आणि तिचा कागद जपून ठेवावा. मुलगा की मुलगी हे मात्र कोणी विचारू नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि देवाच्या दानाचा अपमानही.

ख्रिस्तसभेच्या पंचांगातही हे महिने मोजलेले आहेत. २५ मार्चला देवदूताचा निरोप आणि २५ डिसेंबरला नाताळ, मध्ये नऊ महिने. ८ डिसेंबरला मरियेचा निष्कलंक गर्भसंभव आणि ८ सप्टेंबरला तिचा जन्मदिन, पुन्हा नऊ महिने. अलिशिबेला सहावा महिना आहे, हे देवदूतच मरियेला सांगतो (लूक १:३६). मानवी जीवनाचा आदर गर्भधारणेच्या क्षणापासून झाला पाहिजे, ही ख्रिस्तसभेची शिकवण या सणांतूनही आपल्यासमोर येते.

आणि योसेफाला आठवा. त्याला काहीच उलगडत नव्हते, तरी मरियेची बेअब्रू करावी असे त्याच्या मनात आले नाही (मत्तय १:१९). आपल्याजवळ तर साधा हिशेब आहे. मग आपण बोटे मोजत का बसावे?

या आठवड्यात करण्यासाठी:
१. मुली-सुनांनी पाळीची तारीख दर महिन्याला कॅलेंडरवर लिहावी.
२. पाळी चुकताच डॉक्टरांकडे जावे, सोबत पतीनेही जावे.
३. कुटुंबाच्या सायंप्रार्थनेत धर्मग्रामातील सर्व गरोदर मातांसाठी एक ‘नमो मरिया’ म्हणावी.