उचल, व्याज आणि मुद्दल : कर्जमुक्तीचा घरगुती हिशेब

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे संत नगद नारायण महाराजांचे स्थान असून ते ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. ‘नगद’ म्हणजे रोख. परंतु या परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या व ऊसतोड मजुराच्या घरी रोख रक्कम वर्षातून एकदोनदाच दिसते. उधारी मात्र बारमाही असते. अशा कुटुंबाने खाजगी कर्जातून क्रमाक्रमाने कसे बाहेर पडावे, हा विषय म्हणूनच महत्त्वाचा आहे.

ऊसतोडीस जाणारे जोडपे ‘कोयता’ म्हणून ओळखले जाते. हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळणारी उचल ते मजुरीतून फेडते. आजारपणामुळे खाडे झाले किंवा ऊस कमी पडला, तर बाकी पुढील हंगामावर जाते. अशा वेळी मजुराला दुसरे काम निवडण्याची मोकळीक राहत नाही आणि मुलांची शाळाही मध्येच सुटते. म्हणून उचलीतून लग्नकार्य करण्यापूर्वी, ती फेडण्यास किती टन ऊस तोडावा लागेल, हा हिशेब घरात मांडला गेला पाहिजे.

सावकारी कर्जाचे गणित याहून फसवे असते. समजा, एका कुटुंबाने 20,000 रुपये दरमहा शेकडा 3 रुपये दराने घेतले. महिन्याचे व्याज 600 रुपये झाले. कुटुंबाने केवळ व्याजच भरले, तर 34 महिन्यांत 20,400 रुपये जातात आणि मुद्दल जसेच्या तसे उरते. याउलट दरमहा 1,900 रुपये भरल्यास आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज आकारल्यास तेराव्या महिन्यात कर्ज संपते. व्याजापोटी सुमारे 4,400 रुपयेच जातात. दरमहा हप्ता शक्य नसेल, तर कापूस किंवा तूर विकल्याबरोबर काही रक्कम आधी मुद्दलात भरावी.

फेडीचा क्रम ठरविण्याची रीत सोपी आहे. सर्व देणी एका वहीत लिहावीत : कोणाचे, किती, कोणत्या दराने. ज्याचा दर सर्वांत जास्त, ते कर्ज प्रथम फेडावे. इतरांचे ठरलेले हप्ते चुकवू नयेत. एक कर्ज संपताच त्याचा हप्ता दुसऱ्या कर्जाकडे वळवावा. बचत गटाचे कर्ज कमी दराचे असल्यास त्यातून सावकाराचे देणे फेडणे हिताचे ठरते. मात्र त्यानंतर सावकाराकडे पुन्हा जाता कामा नये. वही घरातील स्त्रीच्याही हाती असावी, कारण किराणा, औषध आणि शाळेचा खर्च तिलाच अधिक ठाऊक असतो.

कायद्याचे साहाय्यही आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास 5 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. चक्रवाढ व्याज घेता येत नाही, तसेच मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. हे ‘दामदुपट’चे जुनेच तत्त्व होय. 2014 मध्ये शासनाने शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जास वार्षिक 9 टक्के व विनातारण कर्जास 12 टक्के, तर इतरांसाठी अनुक्रमे 15 व 18 टक्के अशी मर्यादा ठरविली. वरील उदाहरणातील दर वर्षाला 36 टक्के होतो. म्हणजे तो मुळातच बेकायदेशीर आहे. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागणे हा कर्जदाराचा हक्क असून तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

शिक्षकांनी सातवी-आठवीच्या वर्गात व्याजाचे उदाहरण गावच्याच व्यवहारातून द्यावे. ग्रामपंचायत सदस्यांनी कायद्यातील या तरतुदी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. कर्ज एका दिवसात फिटत नाही. पण ज्या दिवशी त्याचा हिशेब वहीत उतरतो, त्या दिवसापासून ते वाढण्याचे थांबविता येते. पुढील हंगामाची उचल घ्यावी की नाही, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य कुटुंबाच्या हाती येणे, हीच खरी कर्जमुक्ती होय.