देवाने वाटून घेतलेली कामं

ह्यांना तोंडाचा कॅन्सर झाला आणि आम्ही परभणीहून ‘देवगिरी’ने मुंबईला आलो. उपचार परळला, मुक्काम दादरला, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. हे आता नाहीत. तरीही देवावरचा माझा विश्वास कसा टिकला, असं ओळखीचे लोक विचारतात. त्या काळाने जे शिकवलं, ते इथे मांडते.

१. देव चमत्कारात नाही, कामात शोधावा.
गावाहून अंगारे आले, ताईत आले, नवस बोलून झाले. मला आठवत राहिल्या त्या मात्र लहानपणी कीर्तनात ऐकलेल्या गोष्टी. विठोबा जनाबाईबरोबर दळायला बसला, चोखोबांबरोबर ढोरं ओढायला गेला, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरत राहिला. या गोष्टींत देव भक्ताचं काम संपवत नाही. जनाबाईचं दळण रोजचंच राहतं, फक्त जात्याच्या खुंट्याला आणखी एक हात लागतो. ह्यांच्या नाकातून नळी घातली होती. पेज दोनदा गाळावी लागे, कण राहिला की नळी तुंबायची. शेजारच्या खोलीतली बिहारची बाई मुलाची पेज गाळताना ह्यांचीही गाळून ठेवायची. तिचं बोलणं मला निम्मंच कळायचं. पण मी दवाखान्यातून परत यायच्या आत भांडं झाकून ठेवलेलं असायचं.

२. ओळख उशिरा पटते.
नाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षं राबला, अशी कथा आहे. तो कोण होता हे कळलं तेव्हा तो निघून गेला होता. साक्षात नाथांची ही गत, तिथे रेडिएशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्यासारखीला त्याच दिवशी काय कळणार? म्हणून मी एक सवय लावून घेतली. रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवायचं, आज कुणी काय केलं. वॉर्डबॉयने स्टूल दिलं. टॅक्सीवाल्याने सुटे सोडून दिले. काही दिवस कागद कोराच राहायचा. पण पुढे सगळं एकत्र वाचताना वाटलं, एकटी अशी मी फार कमी वेळा होते.

३. देवाशी भांडायला हरकत नाही.
दवाखान्यात लोक सांगतात, ‘नकारात्मक बोलू नका.’ आपल्या संतांनी हे कधी पाळलं नाही. नामदेव, जनाबाई विठोबाला तोंडावर सुनावतात. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांनी बायको गमावली, मुलगा गमावला. त्यांच्या अभंगांत देवाशी रोखठोक भांडण आहे आणि तरी नातं तुटलेलं नाही. मीही पुष्कळ बोलले. ज्याच्यावर हक्क आहे, त्याच्यावरच माणूस असा चिडतो. त्या चिडण्यातसुद्धा आधार असतो.

४. खूण म्हणजे हमी नव्हे.
हा धडा सगळ्यांत जड गेला. मधे एक रिपोर्ट चांगला आला. सगळे म्हणाले, देवाने ऐकलं. काही महिन्यांनी दुखणं उलटलं. मग आता देवाने ऐकणं बंद केलं, असं म्हणायचं का? आणि ज्यांचे रिपोर्ट कधीच चांगले आले नाहीत, त्यांचं काय? धर्मशाळेत अशी कितीतरी माणसं होती, आमच्याहून जास्त श्रद्धाळू. तेव्हापासून मी दोन खाती वेगळी केली. रिपोर्ट हा शरीराचा आणि औषधांचा मामला. देवाकडे मागायचं ते आजचा दिवस निभावण्याचं बळ. ते बळ मला अगदी शेवटच्या रात्रीही कमी पडलं नाही. ते माझं एकटीचं नव्हतं, एवढं मला नक्की सांगता येतं.

५. कुणी हात पुढे केला तर ‘राहू द्या’ म्हणू नये.
आपल्याकडे उपकार घ्यायची लाज वाटते. पण डबा परत पाठवणं म्हणजे श्रीखंड्याला दारातूनच वाटेला लावणं.

६. मग आपली पाळी येते.
गाडगे महाराजांनी देवळं बांधली नाहीत. लोकांकडून पैसा गोळा करून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. ते गेले १९५६ साली. त्यानंतर कित्येक वर्षांनी, ज्यांना त्यांनी कधी पाहिलंही नाही अशा आम्हा दोघांना त्यांच्या नावाच्या छपराखाली जागा मिळाली. असा निवारा मिळाल्यावर माणूस नुसता आभार मानून थांबू शकत नाही. आता परभणीहून कुणी परळला निघालं की मला फोन येतो. कागदांच्या झेरॉक्स जास्तीच्या काढा, सोबत चादर ठेवा, पेज गाळायला मलमलचं फडकं न्या, पहाटेच रांगेत उभे राहा, हे सगळं मी सांगते. देव आहे का, असं कुणी त्यातच विचारलं तर म्हणते, आधी नंबर लावून या, मग बोलू. बहुतेक जण पुन्हा विचारत नाहीत. पुढच्या फोनवर ते शेजारच्या खोलीत कोण आहे, कोण काय मदत करतं, हेच सांगत बसतात.