शेतकऱ्याच्या घरची हत्यारपेटी

रोहिणी निघाल्या म्हणजे शेतकऱ्याचें लक्ष सहजच बियाण्याकडे, वाफ्यांकडे आणि आभाळाकडे लागतें. नांगराचा फाळ, कुळवाची पास हीं तो पाहून ठेवितो. परंतु ज्या घरांत तें बियाणें ठेविलेलें असतें, त्या घराच्या डागडुजीस लागणारीं हत्यारें कोठें आहेत असें विचारल्यास माळ्यावर असतील, गोठ्यांत असतील, कोणी तरी नेलीं असतील, अशीं उत्तरें मिळतात. प्रस्तुत लेखांत या हत्यारांचाच विचार करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल; आम्हांस तो तसा वाटत नाहीं, याचें कारण आधीं सांगतों.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. पावसाळ्यांत घरांच्या पडझडीचे पंचनामे येत, ते तपासून याद्या करणें हें आमचें काम. आणि पुष्कळदां तलाठ्याबरोबर जागेवरही जावें लागे. मुळशी तालुक्याचा पाऊस कसा असतो हें वाचकांस सांगावयास नको. पौडाकडून पश्चिमेस जों जों जावें तों तों तो वाढत जातो. ताम्हिणीच्या घाटांत जुलै २०२४ मध्यें एका दिवसांत ५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला गेला. अशा दिवसांत घर पडलें म्हणजे कागदावर कारण एकच लिहिलें जातें : अतिवृष्टि. एकदां धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या एका वाडींत आम्ही गेलों होतों. मातीची भिंत रात्रीं गोठ्यावर बसली होती व एक बैल दगावला होता. पंचांच्या सह्या झाल्यावर घरधनी म्हणाला, "भाऊसाहेब, पाऊस तर दर सालचाच हाय. त्या कोपऱ्याचं एक कौल सरकलं होतं. दोन सालं सरकलेलंच होतं. रीप सुटली होती, पण ठोकायला घरात हातोडी नव्हती." त्या नमुन्यांत हें लिहावयास रकाना नव्हता. पुढें आम्ही अशा ठिकाणीं मुद्दाम चौकशी करूं लागलों, तों सरकलेलें कौल, तुंबलेली पन्हळ, वाशाचें कुजलेलें टोंक अशींच कारणें निघत गेलीं. पाणी मातीच्या भिंतीच्या माथ्यावर पडूं लागलें म्हणजे भिंत आंतून भिजते, फुगते आणि शेवटीं आपल्याच वजनानें बसते. पण हें बहुधा एका पावसांत होत नाहीं. दुरुस्तीस मधले एकदोन उन्हाळे मिळालेले असतात.

पूर्वीं शेतकऱ्यास स्वतःचीं हत्यारें बाळगण्याचें फारसें कारण नव्हतें. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांवगाडा' लिहिला, त्यांत बलुत्याची सारी रीत आली आहे. आत्रेही महसूल खात्यांतलेच. सुतार, लोहार, चांभार, कुंभार हे सुगींत खळ्यावरून धान्याचा वांटा नेत आणि वर्षभर शेतकऱ्याचें काम करीत. रीप सुटली तर सुतारास हांक मारावी, कोयता बोथटला तर लोहाराच्या भात्यापाशीं जाऊन बसावें. ती रीत मोडली याचें आम्हांस दुःख नाहीं. ज्याच्या हातीं कसब त्यानें सूपभर दाण्यांसाठीं दुसऱ्याच्या खळ्यावर तिष्ठत उभें राहावें, हें कांहीं योग्य नव्हतें. त्यांचीं मुलें आज पिरंगुटच्या कारखान्यांत जातात किंवा पुण्यांत फर्निचरचीं कामें घेतात आणि रोख मजुरी मिळवितात. तीं एका रिपेसाठीं घाट चढून येणार नाहींत, व त्यांनीं कां यावें? शिवाय कामाची जातही पालटली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडीस कारखाना उभारला आणि तेथून लोखंडी नांगर गांवोगांव गेले, तेव्हांपासून लांकडी पाचरेच्या जागीं नट-बोल्ट येऊं लागला. आज पंप, फवारणीचा पंप, पॉवर टिलर, नळ, विजेचीं बटणें हीं सारीं घरांत आहेत. बलुतेदार गेला, परंतु त्याच्या हातची पेटी आमच्या घरीं आली नाहीं, अशी स्थिति आहे.

ती पेटी जमवितांना जी चूक बहुतेक लोक करितात, ती आम्हीं स्वतः केली आहे. निवृत्त झाल्यावर शहरांतील एका दुकानांतून प्लास्टिकच्या चकचकीत पेटींतला संच आणला. आंत शंभरावर नग. त्यांतील निम्म्यांचा उपयोग आम्हांस अद्याप कळलेला नाहीं. मृगाच्या पहिल्या सरींत बियाण्याच्या पोत्यावर गळूं लागलें. शिडी लावून वर चढलों, सुटलेली रीप ठोकण्यास हातोडी उगारली, तों तिचा माथा दांड्यांतून निसटला आणि शेजारचीं दोन चांगलीं कौलें फोडून अंगणांत पडला. आमचा नातू घटकाभरापूर्वींच तेथून पडवींत गेला होता, म्हणून ही गोष्ट आज लिहितां येते. आंबेमोहोराचें पोतें भिजलें, वाफे तयार होण्यापूर्वींच दाण्यास मोड आले, आणि त्या सालीं शेजाऱ्याकडून इंद्रायणीचें बी आणावें लागलें. इंद्रायणी हा वाण चांगला आहे. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं तो दिला, व आमच्या बाजूस तो पुष्कळ होतो. पण ज्या खाचरांत वडिलांच्या वेळेपासून आंबेमोहोर होत आला, तेथें एक साल तो झाला नाहीं, आणि तें हातोडीच्या दांड्यापायीं.

सबब, दुकानांत जाण्यापूर्वीं कागद घेऊन घराभोंवतीं एक फेरी मारावी. कोणतें दार घासतें, कोणता नळ ठिबकतो, कोणती खिडकी वाऱ्यानें आपटते, कोठें गळतें, हें लिहावें. गेल्या वर्षीं कोणत्या कामासाठीं माणूस शोधावा लागला तेंही आठवून लिहावें. ती यादी म्हणजेच हत्यारांची यादी. जें हत्यार त्या कागदांतील एकाही कामास लागत नाहीं, तें घेऊं नये.

हातोडीपासून आरंभ करूं, कारण सर्वांत अधिक काम तिचें आणि सर्वांत अधिक अपघातही तिचेच. अर्धा किलो वजनाचा माथा व मागें खिळा उपटण्याचा चिमटा, अशी एक हातोडी घरास पुरते. दांडा बाभळीचा किंवा धामणीचा असावा. धामण चिवट असते, हिसका सोसते. आमच्या डोंगरांत कुऱ्हाडीच्या दांड्यास ती जुन्या लोकांनीं उगीच पसंत केलेली नाहीं. दांड्याच्या लांकडाच्या रेषा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ गेल्या आहेत कीं नाहींत, हें उजेडांत पाहावें. रेषा मध्येंच तिरप्या बाहेर पडत असतील तर दांडा तेथेंच मोडेल. माथा ढिला झाला तर तो पाण्यांत बुडवून ठेवण्याची चाल आहे, ती सोडून द्यावी. लांकूड फुगून लोखंडांत दाटतें खरें, पण त्या दाबानें त्याचे तंतु चेंगरतात, आणि वाळल्यावर दांडा पूर्वींपेक्षां अधिक ढिला होतो. नवी पाचर मारणें हाच उपाय. आणि काम करण्यापूर्वीं माथा हातानें ओढून पाहावा, एवढी संवय लावून घ्यावी.

खिळे तीन मापांचे पुरेत. पातळ लांकूड जाडावर ठोकावयाचें असेल तर पातळ लांकडाच्या जाडीच्या सुमारें तिप्पट लांबीचा खिळा घ्यावा. सागाच्या फळीच्या टोंकाशीं खिळा ठोकला तर ती उकलते, म्हणून आधीं गिरमिटानें बारीक भोंक पाडावें. गिरमिट नसल्यास खिळ्याचें अणकुचीदार टोंक हातोडीनें किंचित् बोथट करावें, म्हणजे तो तंतु फांकविण्याऐवजीं चिरडीत जातो. पन्हाळी पत्र्यास आंकडा-बोल्ट किंवा स्क्रू लावावयाचा तो उंचवट्यावर लावावा, खोलगट भागांत नव्हे, व त्याखालीं वायसर घालावा. खोलगटांतून पाणी वाहतें. तेथें पाडलेलें भोंक म्हणजे हातानें केलेली गळती.

पाने घ्यावे ते ठराविक मापाचे घ्यावे, आणि मापें घरच्या यंत्रांवर लावून पाहून घ्यावीं. जुन्या नांगराचे बोल्ट इंचांत व नव्या पंपाचे मिलिमीटरांत, असें पुष्कळ घरीं असतें. कमीजास्त होणारा एक पाना जवळ असूं द्यावा, परंतु त्यानें घट्ट बसलेला नट फिरवूं नये. तो निसटतो व नटाचे कोपरे झिजवून टाकतो. वापरावाच लागला तर जोर स्थिर जबड्यावर येईल असा धरावा. पक्कड एक, मुठीवर जाड अखंड वेष्टण असलेली. स्क्रूड्रायव्हर दोन, एक चपट्या टोंकाचा व एक फुलीचा. करवत एक लांकडाची व एक लोखंड कापण्याची. दुसरींत पातें घालतांना दांते पुढच्या दिशेस असावे. कानस एक, कोयते-विळ्यांसाठीं. ती पुढें ढकलतांना दाबावी, मागें आणतांना उचलावी. मोजपट्टी, गुण्या व ओळंबा हीं सुतार-गवंड्यांचीं हत्यारें असलीं तरी घासणारें दार कोठें झुकलें आहे हें त्यांवांचून कळत नाहीं. थापी व घमेलें बहुतेकांकडे असतेंच. मातीच्या भिंतीस पडलेली भेग मातीनेंच भरावी. सिमेंटचा गिलावा मातीस धरत नाहीं, आणि आंतली ओल कोंडून ठेवितो ती निराळीच. दाभण व सुतळी पेटींत टाकावी. वाचकांस हें हंसूं येईल, पण पावसांत ताडपत्री फाटते तेव्हां दुसरें कांहीं उपयोगी पडत नाहीं.

आतां छपराविषयीं थोडें विस्तारानें. आपण ज्यांस मंगलोरी कौलें म्हणतों तीं मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं काढलेल्या कारखान्यापासून देशभर पसरलीं. कौलाच्या खालच्या बाजूस असलेली कोर रिपेवर अडकते आणि कडांच्या खांचा एकमेकींत बसतात. म्हणून एक कौल बदलावयाचें तर वरचीं व बाजूचीं थोडीं उचलून नवें आंत सरकवावें. ठोकाठोकीचें काम नाहीं. दोन कारखान्यांचीं कौलें एकमेकांत नीट बसत नाहींत, यासाठीं आपल्याच छपराचीं वीसएक जादा कौलें गोठ्याच्या आडोशास ठेवावीं; तींही हत्यारपेटीचाच भाग समजावीं. शिडी जेवढी उंच टेकेल त्याच्या चौथाईनें तिचे पाय भिंतीपासून दूर असावे, व खालीं धरणारा माणूस असावा. सिमेंटच्या पत्र्यावर तर कधींही नुसता पाय देऊं नये. तो वरून भक्कम दिसतो आणि पायाखालीं एकाएकीं फुटतो. त्यावर दोन तुळयांना पोंचेल अशी रुंद फळी टाकूनच जावें. ओल्या छपरावर चढणें म्हणजे एका कौलासाठीं कमरेचें हाड देणें होय. पावसांत गळूं लागल्यास खालीं घमेलें ठेवावें व पोतें हलवावें. आम्हीं तेव्हां तेंच करावयास पाहिजे होतें.

वर चढलोंच आहों तर वाशांचीं भिंतीतलीं टोंकें स्क्रूड्रायव्हरनें टोंचून पाहावीं. टोंक मऊ लागलें किंवा पोकळ वाजलें तर वाळवी किंवा कूज आहे. वासा बदलणें एखाद्यास जमेल. आढें, तुळई आणि खांब यांस मात्र आपण हात लावूं नये. तेथें सुतारच आणावा, व तो मागेल ती मजुरी द्यावी.

विजेविषयीं आमचें मत कडक आहे. टेस्टर पेटींत असावा, पण त्याचा दिवा लागला नाहीं म्हणून तार मेली असें समजूं नये. आधीं चालू बटणावर तो लागतो कीं नाहीं हें पाहावें, आणि तरीही मुख्य बटण बंद केल्यावांचून कशासही हात लावूं नये. बल्ब बदलणें, उघड दिसणारा सैल प्लग बदलणें, येथवर शेतकऱ्याची हद्द. फ्यूज जळाला तर त्यांत तांब्याची जाड तार गुंडाळणारे चतुर लोक गांवोगांव आहेत. फ्यूज हा जळण्यासाठींच असतो, तो जळाला नाहीं म्हणजे घरांतली तार जळते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडणें हें तर मुळींच आपलें काम नव्हे. ओल्या बांधावर, अनवाणी, तीन फेजच्या विजेशीं झटणारा माणूस दुसरी चूक करावयास राहत नाहीं. हत्यारांवर खर्च करावयाचे जे पैसे असतील त्यांतून प्रथम ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारें आर. सी. सी. बी. जाणत्या वायरमनकडून घरांत बसवून घ्यावें, मग हातोडी घ्यावी.

आणखी एक गोष्ट. पुरुष कारखान्यांत पाळीवर जातात. वादळ दुपारीं आलें तर घरांत सासू-सूनच असतात. मुख्य बटण कोठें आहे, नळाची चावी कोणत्या बाजूस फिरते, पक्कड कोणत्या कप्प्यांत आहे, हें त्यांस दाखवून ठेविलेलें नसेल तर पेटी असून नसल्यासारखी. आमच्या घरीं ठिबकत्या नळाचा वायसर सूनबाई आमच्यापेक्षां लवकर बदलतात, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पेटी लांकडाची असावी, जमिनीवर नव्हे तर फळीवर ठेवावी. आमच्या हवेंत आषाढ-श्रावणांत उघड्या लोखंडास पाहतां पाहतां गंज चढतो. म्हणून प्रत्येक हत्यार काम झाल्यावर कोरडें पुसून त्यावर शिलाई-यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. झांकणाच्या आंतल्या बाजूस हत्यारांची यादी चिकटवावी. कचेरींत जडवस्तुसंग्रहाची नोंदवही ठेवण्यांत आमचीं वर्षें गेलीं, व तिचा कंटाळा आला होता. घरीं मात्र तिच्यावांचून चालेना. शेजाऱ्यास हत्यार नाहीं म्हणूं नये, पण नांव व तारीख लिहून द्यावें. आमच्या झांकणावर आज १९ नग आहेत. पैकीं गिरमिट गेल्या माघापासून बाहेर आहे, व तें मृगापूर्वीं मागून आणावयाचें आहे.