काळा शराटी

नांगरलेल्या शेतात अथवा माळरानावर काळा शराटी संथपणे फिरताना दिसतो. विळ्यासारखी वाकडी चोच जमिनीत खुपसून तो किडे टिपतो. खांद्यावर पांढरा डाग व माथ्यावर पुटकुळ्यांची तांबडी कातडी, ही त्याची खूण होय. १८२४ साली टेमिंक या डच पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

लांब पाय व लांब चोच पाहून विद्वानांनी शराटीला करकोच्यांच्या गणात घातले होते. पुढे जनुकांची परीक्षा झाली, तेव्हा निराळेच आढळले. आखूड पायांचा, चोचीखाली झोळी असलेला पेलिकन हाच त्याचा अधिक जवळचा आप्त ठरला! म्हणून आता शराटी पेलिकनांच्या गणात मोडतो. नुसत्या रूपावरून नाते ठरवू नये, हेच खरे.