पानामागचा शत्रू : लाल कोळी आणि त्याचे नियंत्रण

घराच्या गच्चीवर किंवा परसात लावलेल्या वांगी, भेंडी, घेवडा, गुलाब, झेंडू यांसारख्या झाडांची पाने उन्हाळ्याच्या दिवसांत एकाएकी निस्तेज दिसू लागतात. हिरव्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य पांढुरके ठिपके उमटतात, ते एकमेकांत मिसळून पान पिवळट, पुढे तांबूस होते आणि अखेर गळून पडते. पाणी कमी पडले असावे, अशी पुष्कळांची समजूत होते व ते अधिक पाणी घालतात. परंतु झाड सुधारत नाही. अशा वेळी पान उलटून त्याची खालची बाजू भिंगातून पाहिली, म्हणजे खरे कारण उघडकीस येते. तेथे धुळीच्या कणांसारखे दिसणारे, परंतु हळूहळू सरकणारे जीव आढळतात. यांनाच आपले शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणतात. हा जीव कसा जगतो, तो इतक्या त्वरेने का वाढतो आणि त्यास आवर कसा घालावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लाल कोळी हा कीटक नाही. कीटकास सहा पाय असतात. याला पूर्ण वाढ झाल्यावर आठ पाय असतात. जाळे विणणारा कोळी, विंचू आणि गुराढोरांच्या अंगावरील गोचीड हे त्याचे नातेवाईक होत. हा भेद केवळ पुस्तकी नाही. कीटकांसाठी तयार केलेली अनेक औषधे या जीवावर चालत नाहीत, याचे एक कारण या शरीरभेदात आहे.

वनस्पतींवर जगणाऱ्या कोळी किडींच्या अनेक जाती आहेत. आसामातील चहाच्या मळ्यांत तांबड्या कोळ्याची नोंद १८६८ मध्येच झाली होती. नारळाच्या फळावर खपल्या पाडणारी अतिसूक्ष्म कोळी कीड भारतात प्रथम १९९८ मध्ये केरळात आढळली आणि थोड्याच वर्षांत दक्षिणेकडील व किनारपट्टीवरील बागांतून पसरली. घरबागेत मात्र बहुधा गाठ पडते ती दोन ठिपक्यांच्या कोळ्याशी. कार्ल लुडविग कोख या जर्मन शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये त्याचे वर्णन करून त्यास ‘टेट्रानिकस अर्टिकी’ हे नाव दिले. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक नसते. रंग कधी फिकट हिरवा, कधी पिवळसर, तर कधी विटकरी असतो. पारदर्शक शरीरातून पोटातील अन्न दिसते, तेच पाठीवरचे दोन काळे ठिपके होत. अकराशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर हा जीव आढळला आहे.

त्याच्या तोंडात सुईसारखे सूक्ष्म अवयव असतात. ते पानात खुपसून तो एकेका पेशीतील रस व हरितद्रव्य शोषून घेतो. मिनिटास सुमारे वीस पेशी तो रिकाम्या करतो, असे निरीक्षण आहे. पानावर दिसणारा प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे अशा रिकाम्या पेशींचा पुंजका होय. हरितद्रव्य नष्ट झाले की पानाची अन्न तयार करण्याची शक्ती जाते, आणि म्हणूनच कितीही पाणी घातले तरी झाड उपाशीच राहते.

वाढीचे गणित

या किडीचे खरे सामर्थ्य तिच्या वाढीच्या वेगात आहे. मादी पानाच्या पाठीवर गोल, मोत्यासारखी अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या पिल्लास सहाच पाय असतात. तीन वेळा कात टाकून ते आठ पायांचे प्रौढ होते. हा सर्व प्रवास तपमानावर अवलंबून असतो. थंड हवेत, सुमारे १५ अंश सेल्सिअसला, त्यास महिन्याहून अधिक काळ लागतो. ३० अंशांच्या आसपास कोरड्या हवेत मात्र तोच आठवड्याभरात आटोपतो. मार्च ते मे या महिन्यांत कीड का बळावते, याचे उत्तर येथे आहे.

अनुकूल परिस्थितीत एक मादी आपल्या दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात सुमारे शंभर अंडी घालते, आणि त्यांतून बहुसंख्य माद्याच निपजतात. समजा, शंभरांपैकी सत्तर माद्या झाल्या. दुसऱ्या पिढीत त्यांच्या मुली ४,९०० होतील आणि तिसऱ्या पिढीत ३,४३,०००. त्यातही नवलाची गोष्ट अशी की, नराशी संयोग न झालेली मादीही अंडी घालते. त्यांतून केवळ नर जन्मतात. पुढे त्यांच्यापैकी एखाद्याशी संयोग होऊन तिला मुलीही होऊ शकतात. म्हणजे वाऱ्याने उडत आलेली किंवा माणसाच्या कपड्याला चिकटून आलेली एकच कुमारी मादी संपूर्ण वसाहत वसवू शकते.

हे गणित पाहिल्यावर प्रश्न पडतो : मग जगातील सर्व झाडे अद्याप हिरवी कशी राहिली? याचे उत्तर असे की, निसर्गात हे गणित पुरे होऊ दिले जात नाही. जोराचा पाऊस पाने धुऊन काढतो. दमट हवेत वाढ मंदावते. आणि मुख्य म्हणजे, या किडीस खाणारे अनेक जीव त्याच पानावर वावरत असतात. राईएवढे काळे ढालकिडे तिच्यावर उपजीविका करतात. तसेच परभक्षी कोळी नावाचे तिचेच दूरचे आप्त तिची अंडी व पिल्ले फस्त करतात. लाल कोळ्याचा उपद्रव म्हणजे बहुतेक वेळा या पहारेकऱ्यांच्या अनुपस्थितीचा परिणाम होय.

विषाचा उलटा परिणाम

पहारेकरी नाहीसे कसे होतात, हे विसाव्या शतकाच्या इतिहासाने शिकविले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी फळबागांतून सर्रास वापरले जाऊ लागले. त्याने पुष्कळ कीटक मेले. परंतु लाल कोळी मेला नाही, मेले ते त्यास खाणारे जीव. परिणामी, पूर्वी ज्याची फारशी कोणी दखल घेत नसे, तो कोळी युरोप-अमेरिकेतील सफरचंदांच्या बागांत मोठी कीड होऊन बसला. पुढे पॅराथिऑनसारखी अधिक जहाल द्रव्ये आली. परंतु १९४९ च्या सुमारासच अमेरिकेतील हरितगृहांत त्यांना न जुमानणारे कोळी आढळू लागले.

याचे कारण गूढ नाही. लाखो जीवांत काही थोडे जन्मतःच विष पचविणारे असतात. फवारणीत इतर मरतात, हे उरतात आणि त्यांचीच संतती वाढते. ज्याची पिढी आठवड्याची, त्यास हा बदल घडवून आणण्यास एक-दोन हंगाम पुरतात. २०११ मध्ये या कोळ्याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. तो आकाराने अत्यंत लहान असूनही विषारी द्रव्यांचा निचरा करणाऱ्या जनुकांनी संपन्न असल्याचे दिसून आले. शेकडो वनस्पतींतील नैसर्गिक विषे पचविण्याची सवय असलेल्या जीवास माणसाने केलेले विष पचविणे अवघड जात नाही, असा याचा अर्थ आहे.

भारतात अनेक वर्षे डायकोफॉल हे कोळीनाशक म्हणून प्रचलित होते. ते डीडीटीपासून तयार होते व दीर्घकाळ टिकून राहते. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारान्वये त्याच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला आणि २०२३ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. जुन्या पुस्तकांत या औषधाची शिफारस आढळल्यास ती आता पाळावयाची नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परभक्षी कोळ्याची कथा

विषाला पर्याय शोधताना शास्त्रज्ञांचे लक्ष निसर्गातील पहारेकऱ्यांकडे वळले. १९५० नंतरच्या दशकात चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांबरोबर एक नारिंगी रंगाचा, चपळ परभक्षी कोळी अकस्मात येऊन पोहोचला. ‘फायटोसिउलस पर्सिमिलिस’ हे त्याचे नाव. तो केवळ लाल कोळ्यांच्या कुळावर जगतो आणि दिवसास पाच प्रौढ कोळी किंवा सुमारे वीस अंडी खातो. इंग्लंड व नेदरलँड्स येथील हरितगृहांत काकडीच्या वेलींवर त्याचा उपयोग करण्यात आला. १९६७ मध्ये यान कोपर्ट या डच काकडी-उत्पादकाने त्याची पैदास करून विक्री सुरू केली, आणि यातून एक नवा व्यवसायच उदयास आला.

पुढे १९८० नंतरच्या दशकात मॉरिस सॅबेलिस व मार्सेल डिके या डच शास्त्रज्ञांनी एक मनोवेधक गोष्ट दाखवून दिली. डोळे नसलेला हा परभक्षी आपले भक्ष्य कसे शोधतो? इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या नळीच्या एका शाखेतून निरोगी घेवड्याची हवा व दुसरीतून कोळी लागलेल्या घेवड्याची हवा सोडली असता परभक्षी दुसऱ्या शाखेकडे वळतो, असे आढळले. दुखावलेले झाड विशिष्ट गंधद्रव्ये हवेत सोडते आणि त्या गंधाचा माग काढीत परभक्षी तेथे येऊन पोहोचतो. झाड जणू आपल्या रक्षकास हाक मारते!

परंतु या उपायासही मर्यादा आहेत. हा परभक्षी उष्ण व कोरड्या हवेत नीट वाढत नाही. म्हणून आपल्या हवामानास सोसणाऱ्या देशी परभक्षी जातींचा अभ्यास भारतात चालू आहे. बंगळूर येथील कृषी विद्यापीठातून चालणारा कृषी कोळीशास्त्राचा अखिल भारतीय प्रकल्प या संदर्भात उल्लेखनीय आहे.

बंद खोलीतील झाड

कीड वाढण्यास अनुकूल परिस्थिती कोणती, याचे बोलके उदाहरण भांगेच्या झाडाचे आहे. भांग आणि हॉप ही एकाच कुळातील झाडे; लाल कोळी दोहोंचाही मोठा शत्रू. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड निषिद्ध आहे. कॅनडात मात्र १७ ऑक्टोबर २०१८ पासून, काही प्रांतांचे अपवाद वगळता, प्रौढांना घरी चारपर्यंत झाडे लावण्याची मुभा मिळाली. ही झाडे पुष्कळदा बंद खोलीत, विजेच्या उजेडात वाढविली जातात. तेथे ऊब आहे, कोरडी हवा आहे. पाऊस नाही आणि परभक्षीही नाहीत. एका झाडाच्या फांद्या तोडून नवी रोपे केली की त्यांबरोबर किडीचाही प्रसार होतो. शिवाय फुलोरा चिकट असल्याने त्यावर फवारलेले द्रव्य धुऊन जात नाही. अशा ठिकाणी विषप्रयोग घातकच ठरतो. उपाय उरतो तो कीड आत येऊ न देण्याचा. घरात वाढविलेल्या आणि स्वयंपाकात किंवा औषधात वापरावयाच्या प्रत्येक झाडास, मग ती तुळस असो वा पुदिना, हाच न्याय लागू पडतो.

घरबागेसाठी उपाय

१. नवे रोप आणल्यावर ते दोन ते तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे व त्याची पाने उलटून तपासावीत.

२. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भिंगाने पाहणी करावी. जाळी दिसू लागली म्हणजे कीड फार वाढली, असे समजावे. तत्पूर्वीच ठिपके ओळखले पाहिजेत.

३. झाडास पाण्याचा ताण पडू देऊ नये. नत्रयुक्त खतांचा अतिरेक टाळावा, कारण कोवळ्या, रसाळ पानांवर कीड अधिक अंडी घालते. पानांवर धूळ साचू देऊ नये.

४. कीड दिसताच फार ग्रासलेली पाने तोडून पिशवीत बंद करून नष्ट करावीत. ती कुंडीतच टाकू नयेत. मग पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारावा. आरंभीच्या काळात एवढ्यानेही पुष्कळ काम होते.

५. तेवढ्याने न भागल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व ते मिसळण्यापुरता सौम्य साबण घालून सायंकाळी फवारावे. प्रथम एखाद्या पानावर प्रयोग करून दुसऱ्या दिवशी ते करपले नाही, याची खात्री करून घ्यावी. हा फवारा अंगास लागला तरच परिणाम करतो, म्हणून पानांची पाठ पूर्ण भिजली पाहिजे.

६. एका फवारणीवर थांबू नये. अंडी सहजी मरत नाहीत आणि उष्ण हवेत ती तीन ते पाच दिवसांत फुटतात. यास्तव पाच ते सात दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारणी करावी, म्हणजे नवी पिल्ले अंडी घालण्यापूर्वीच सापडतात.

७. पाण्यात मिसळणारे गंधक हे जुने व गुणकारी कोळीनाशक आहे. परंतु कडक उन्हात ते पाने करपवते, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत ते वापरू नये. काकडीवर्गीय वेलींवर विशेष सावधगिरी बाळगावी.

८. सर्वसाधारण कीटकनाशक ‘असू द्या’ म्हणून मारू नये. त्याने ढालकिडे मरतात आणि लाल कोळ्यास मोकळे रान मिळते.

स्वतः करून पाहा

पांढरा कागद पानाखाली धरून पान हलकेच झटकावे. पडलेल्या कणांपैकी जे संथपणे सरकतात, ते बहुधा वनस्पतिभक्षी. जे झरझर धावतात व ज्यांचे शरीर चकचकीत, नासपतीच्या आकाराचे असते, ते बहुधा परभक्षी. प्रत्येक आठवड्यास ठरावीक दहा पानांवरील दोहोंची संख्या मोजावी व त्या दिवसाचे तपमान वहीत लिहावे. सहा आठवड्यांनी या आकड्यांचा आलेख काढावा. परभक्षींची संख्या वाढत असेल, तर फवारणी थांबवून वाट पाहणे हाच योग्य उपाय ठरतो. फवारा केव्हा मारावा, याबरोबरच तो केव्हा मारू नये, हेही त्या आलेखावरून समजते. आणि किडीच्या नियंत्रणात हे दुसरे ज्ञान पहिल्याहून कमी मोलाचे नाही.