पौष तुम्हा दोघांचा

लग्नानंतरचं पहिलं वर्ष नवराबायकोचं कमी आणि नातेवाइकांचं जास्त असतं. मंगळागौर झाली, दिवाळसण झाला, दोन्हीकडच्या आत्या-माम्यांची जेवणं उरकली. आता पौष लागेल. या महिन्यात आपल्याकडे लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. जुनी माणसं भाकड महिना म्हणून त्याला बाजूला ठेवतात. मला विचारशील तर संसाराला वर्षातला हाच सगळ्यात उपयोगी महिना. कुणाकडून बोलावणं नाही, आहेराचा खर्च नाही, थंडी आहे, मंडईत भाज्या ताज्या आणि स्वस्त. पंचांगानं आपणहून दिलेली मोकळीक आहे पोरी, ती कुठल्यातरी रिसॉर्टच्या पदरात घालू नकोस. मधे संक्रांत येते, पण ती घरात बसून करायची. तेव्हा मावशीचं थोडं ऐकून ठेव. पटेल ते घे, बाकीचं सोड.

बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण धुंधुरमास करा. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत सूर्य धनू राशीत असतो. त्या काळात निदान एक दिवस पहाटे स्वयंपाक करून, देवाला नैवेद्य दाखवून, सूर्य उगवताना जेवायचं, अशी आपली रीत. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत आणि पावटा, ओला हरभरा, गाजर, घेवडा असं सगळं सामावून घेणारी लेकुरवाळी भाजी. ऐकूनच छाती दडपेल तुझी. पण पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेपाचला उठलात तरी सगळं होतं, आणि तू एरवीही सहाला उठतेसच.

एक दिवस कशाला, मी तर म्हणते महिनाभर दर आठवड्याला एकदा करा. तुमच्या दोघांच्या कामाच्या वेळा जुळत नाहीत, हे तू दर फोनवर सांगतेस. तो रात्री उशिरापर्यंत कानाला हेडफोन लावून बसलेला, तू सकाळी कंपनीच्या बसमागे धावणारी. मग रोज रात्री एकत्रच जेवायचं हा हट्ट कशाला? त्या ताटावर दोघांचा दिवसभराचा राग आलेला असतो. सकाळी अजून काही घडलेलंच नसतं. पोटाच्या दृष्टीनंही हे बरंच. थंडीत रात्र मोठी, सकाळी भूक सणकून लागते, आणि हेमंतात जठराग्नी प्रखर असतो असं आयुर्वेदही सांगतो. चहा-बिस्किटावर त्याची बोळवण करू नये.

तयारी रात्रीच करून ठेव. पावटे सोलून, भाज्या चिरून, डाळ-तांदूळ मोजून. बाजरीचं पीठ मात्र बेतानं आण. आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच दळून घे. जुनं झालं की ते कडवट लागतं, आणि मग नवऱ्याला भाकरी आवडत नाही असा गैरसमज घरात पसरतो. पीठ कढत पाण्यात भिजव आणि तळहाताच्या टाचेनं चांगलं मळ. बाजरीला चिकटपणा कमी, मळायचा कंटाळा केलास तर थापताना कडा फाटणारच. भाकरी तू थाप, भरताचं वांगं त्याला भाजू दे. आधी दोन चिरा देऊन आत कीड नाही ना बघायचं, वरून तेलाचं बोट फिरवायचं आणि गॅसपाशी उभं राहून फिरवत राहायचं. त्या हातानं मोबाईल धरता येत नाही, हा त्यातला खरा फायदा. तुझ्या काकांनी आयुष्यात दुसरा कुठलाही पदार्थ शिकून घेतला नाही, पण भरतासाठी वांगं निवडायला आजही ते मला मंडईत पुढे होऊ देत नाहीत.

आता अंगाचं. स्वतःकडे लक्ष द्यायचं म्हणजे काहीतरी विकत आणायचं, असं तुम्हा मुलींना कुणी शिकवलं कोण जाणे. तुझ्या त्या कपाटातल्या बाटल्यांवरची तारीख एकदा बघ. थंडीत कातडीला हवं असतं तेल. रविवारी तिळाचं तेल कोमट करायचं, वाटी गरम पाण्यात ठेवली तरी पुरे, आणि डोक्यापासून तळपायापर्यंत चोळायचं. पाठीला स्वतःचा हात पोचत नाही. नवरा असण्याचे जे थोडे निर्विवाद फायदे आहेत त्यातला हा एक. त्याच्या पाठीला तू, तुझ्या पाठीला तो. दिवाळीचं उरलेलं उटणं असेल तर ते लाव, नाहीतर डाळीचं पीठ. गीझरचं पाणी फार कढत घेऊ नकोस, त्यानं कातडी आणखी कोरडी पडते. आणि बाथरूमच्या फरशीवर तेलाचे थेंब राहिले असतील ते आधी साबणानं धुऊन काढ. आमच्या वयात त्या फरशीची भीती वाटते, तुमच्या वयात लक्षात राहत नाही.

टाचांच्या भेगांसाठी माझ्या माहेरी, कोकणात, भिरंडेल वापरतात. कोकमाच्या बियांचं तेल ते. थंडीत घट्ट असतं, अंडाकृती गोळे करून विकतात. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, खसखसून पुसायचे, पळीत थोडं भिरंडेल पातळ करायचं, सोसवेल इतकं निवलं की भेगांत भरायचं आणि मोजे घालून झोपायचं. आठवडाभरात फरक दिसतो. मोजे जुने घे, डाग जात नाहीत.

पौषातल्या रविवारी माझी आई आदित्य-राणूबाईची पूजा करायची. मी काही ते पुढे चालवलं नाही. मी गच्चीत उन्हाकडे पाठ करून बसते. तू गॅलरीत बस. बसताना काही निवडायला, सोलायला हातात घेतलंस तर चालेल, लॅपटॉप घेतलास तर ते बसणं नव्हे.

तिळगुळाचे लाडू या वर्षी तरी विकत आणू नका. मला त्यात भावनेचं काही सांगायचं नाही. लाडू हे एकट्या माणसाचं कामच नाही, एवढंच सांगायचं आहे. अर्धा किलो तीळ, तेवढाच चिकीचा गूळ, एक वाटी भाजलेले दाणे, थोडं डाळं, वेलची. तीळ मंद आचेवर भाजायचे, तडतडायला लागले की उतरवायचे. गुळात चमचाभर तूप घालून पाक करायचा आणि त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघायचा. गोळी जमली की गॅस बंद. इथून पुढे घाई. मिश्रण गार झालं की दगड होतं, गरम असताना हात पोळतात. एकानं ढवळून चमच्यानं घास टाकायचे, दुसऱ्यानं पाण्याचा हात लावून पटापट वळायचे, आणि हात भाजला की जागा बदलायची. त्या दहा मिनिटांत कोण कुणावर चिडतं, कोण हसतं, कोण मिश्रण पुन्हा गरम करायला धावतं, यावरून तुम्हाला एकमेकांची जितकी ओळख होईल तितकी पत्रिका जुळवताना झाली नाही.

पहिली संक्रांत म्हणून तुझ्या आईनं हलव्याच्या दागिन्यांची चौकशी चालवली आहे. दागिने बाजारातून येऊ देत, सुंदर मिळतात. पण मूठभर हलवा घरी करून बघा. परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, खाली अगदी मंद आच ठेवायची, साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. ओलं सुकलं की पुढचा चमचा. काटा थंडीत चांगला येतो म्हणून हे काम पहाटेचं, आणि एका बैठकीत होत नाही, काही दिवस चालतं. नाही आला काटा तर गोड खसखस म्हणून खाऊन टाका.

भांडणाबद्दल मोठमोठे सल्ले देणाऱ्या बायकांपासून लांब राहा. मीही एवढंच सांगेन की भांडण पोट भरल्यावर करावं आणि अंथरुणावर नेऊ नये. भुकेल्या माणसाचा मुद्दा काय होता हे त्यालाही नंतर आठवत नाही. आणि रोज अर्धा-पाऊण तास एकमेकांपासून सुट्टी घ्या. तू वाचत बस, तो त्याच्या मित्रांशी बोलत बसेल, कुणी कुणाला ‘काय झालं, गप्प का’ विचारायचं नाही. आमच्या एकत्र कुटुंबात ही सोय आपोआप होती, घरात इतकी माणसं होती की नवऱ्याशी बोलायलाच निमित्त शोधावं लागे. तुमच्या दोन खोल्यांत एकांत ठरवून घ्यावा लागेल.

पुढचं सांगणं कुणी मावशी सांगत नसेल, पण मी बँकेच्या काउंटरवर उभं आयुष्य काढलं आहे, तेव्हा मी सांगणारच. जानेवारीत ऑफिसं गुंतवणुकीची कागदपत्रं मागतात. घरातल्या फायली तशाही बाहेर निघतात. त्याच दुपारी दोघं समोरासमोर बसा आणि कुणाचं खातं कुठे, विमा कुठला, कर्ज किती, हे एका वहीत लिहून काढा. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण आहे ते बघा. नोकरीला लागताना तुम्ही दोघंही लग्नाचे नव्हता, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधीत, ग्रॅच्युइटीत, जुन्या खात्यांत आईचं नाहीतर वडिलांचं नाव लिहून मोकळे झाला असाल. लग्नानंतर ते सगळं पुन्हा तपासून नव्यानं भरायचं असतं, आणि नव्वद टक्के लोक भरत नाहीत असं मी म्हटलं तर तू आकडा कुठून आणला विचारशील, म्हणून म्हणते, बहुतेक लोक भरत नाहीत. चांगल्या शिकलेल्या बायका डोळे सुजलेल्या अवस्थेत काउंटरशी यायच्या आणि नवऱ्याची खाती किती हेच त्यांना ठाऊक नसायचं. बायको गेलेले पुरुषही यायचे, ते तर गॅस एजन्सीचं पुस्तक कुठे आहे हेसुद्धा मलाच विचारायचे. एक संयुक्त खातं ठेवा, दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल असं. पण तुझ्या पगाराचं तुझ्या एकटीच्या नावाचं खातं बंद करू नकोस, कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी. ते अविश्वासाचं लक्षण नव्हे. तुझ्या काकांना माझ्या खात्यातली शिल्लक आजही माहीत नाही आणि त्यांची तक्रार नाही, कारण अडीनडीला तिथूनच पैसे आले आहेत.

हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही कर, पहिल्याच शनिवारी करायची घाई नको, त्या दिवशी अख्ख्या सोसायटीत ते असतं. वाण लहान आणि घरात लागेल असं घे. प्लॅस्टिकच्या डब्या, बांगड्यांचे खोके यांची माझ्याकडे एक स्वतंत्र माळ्यावरची वसाहत आहे. पाव किलो गूळ, वाटीभर तीळ, चांगल्या वातींचा जुडगा, असं काहीही दे. मसाला दूध आटवायचं काम नवऱ्याकडे दे, आणि त्याला त्या वेळी घराबाहेर पिटाळू नकोस. दूध नेऊन देईल, ट्रे परत आणेल, चार जणींशी ओळख होईल.

आणि बोलावताना यादीतून कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही हे बघू नकोस. माझ्या सासूबाई बघायच्या, मी बरीच वर्षं त्यांच्यासमोर काही बोलले नाही, मग त्या स्वतःच विधवा झाल्या आणि त्या वर्षी संक्रांतीला आतल्या खोलीत जाऊन बसायला लागल्या, तेव्हा हाताला धरून बाहेर आणलं. तुमच्या मजल्यावर त्या एकट्या राहणाऱ्या बाई आहेत ना, ज्यांच्याकडे तू किल्ली ठेवतेस, त्यांना फोनवर निरोप पाठवू नकोस. दार वाजवून बोलावून ये, आणि तिळगूळ आधी त्यांच्या हातावर ठेव.